सासऱ्यांना पलंगावरून खुर्चीत घेताना त्यांचा खांदा दुखतो, माझी कंबरही. योग्य पद्धत कोणी सांगेल का?

लोकमान्यनगरची सून, इंदूर

नमस्कार मंडळी. माझ्या सासऱ्यांना (आम्ही नाना म्हणतो, वय ७६) पावसाळ्याच्या सुरुवातीला लकव्याचा झटका आला. डावा हात पूर्ण गेला. डाव्या पायात थोडा जीव आहे, म्हणजे झोपल्या झोपल्या गुडघा वर घेतात, पण उभं केलं की तोच गुडघा मटकन वाकतो. उजवी बाजू चांगली आहे. बोलतात, सगळं समजतं, फक्त चिडचिड फार वाढली आहे. वजन ७४ किलो. माझं ५२.

दवाखान्यातून सोडताना जो कागद मिळाला त्यात गोळ्या, पुढची तारीख आणि शेवटी 'फिजिओथेरपी' एवढा एकच शब्द. एवढ्या मोठ्या माणसाला घरी नेऊन पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं, हे कोणी एकदाही करून दाखवलं नाही. व्हीलचेअरची घडी कशी उघडायची ते दुकानदाराने दाखवलं.

सध्या आम्ही असं करतो. सकाळी हे ऑफिसला जायच्या आधी आम्ही दोघं दोन बाजूंनी बगलेत हात घालून नानांना उभं करतो आणि खुर्चीत बसवतो. दुपारी बाई येते, ती एकटीच त्यांना समोरून छातीशी धरून उचलते. नाना घाबरून तिच्या मानेला उजव्या हाताने घट्ट धरतात. परवा तिची मान आखडली. आणि आता नाना डाव्या खांद्याला कोणाला हातच लावू देत नाहीत. सदरा घालतानाही ओरडतात. माझी कंबर तर रात्री कूस बदलू देत नाही.

शिवाय लघवीची नळी आणि पिशवी आहे. ती उचलताना दोनदा ताणली गेली. पलंग म्हणजे जुना दिवाण आहे, बराच खाली आहे. बाथरूमचं दार अरुंद, व्हीलचेअर आत जातच नाही. रात्री ते सारखे पायथ्याकडे घसरतात, त्यांना वर ओढताना चादरीवर घासून माकडहाडाशी त्वचा लाल झाली आहे.

घरात हे काम करणारी मुख्य मीच. नीट पद्धत कोणाला माहीत असेल तर कृपया सविस्तर सांगा.

तुकोगंज

दोन धडधाकट मुलं ठेवा. आमच्या वडिलांसाठी आम्ही तेच केलं होतं. बायकांचं हे काम नाही.

निवृत्त सिस्टर, रामबाग

सूनबाई, मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते. सुरुवातीची वर्षं हाडांच्या वॉर्डात, नंतर बरीच वर्षं लकव्याच्या रुग्णांत गेली. वयाने मोठी आहे म्हणून तू म्हणते.

वर तुकोगंजवाल्यांनी लिहिलं ते मनापासूनच लिहिलं असेल, पण मला पटत नाही. धडधाकट मुलं म्हणजे ताकदीने उचलणार, आणि नानांच्या खांद्याचं नुकसान ताकदीनेच होतंय. चार फूट दहा इंचाच्या नर्सेस मी वॉर्डात भल्या मोठ्या माणसांना खुर्चीत घेताना पाहिल्या आहेत. त्या उचलत नव्हत्या. रुग्णाच्या चांगल्या पायाकडून काम करून घेत होत्या.

पहिली गोष्ट, बगलेत हात घालणं आजपासून बंद. घरातल्या सगळ्यांना सांग, बाईला सांग, भेटायला येणाऱ्या नातेवाइकांनाही आधीच सांगून ठेव, कारण मदतीला धावणारा माणूस हमखास लुळा हातच धरून ओढतो. खांद्याच्या सांध्याची वाटी फार उथळ असते. हाताच्या हाडाचा गोळा तिच्यात टिकतो तो भोवतालच्या स्नायूंमुळे. लकव्यात ते स्नायूच ढिले पडतात आणि हाताचं वजन सांध्याला खाली खेचत राहतं. त्यात तुम्ही बगलेतून वर रेटलं की गोळा जागचा हलतो, आजूबाजूचं सगळं ताणलं जातं. नाना ओरडतात ते चिडचिड म्हणून नाही, त्यांना खरंच कळ येते. खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली हलकेच बोट ठेवून बघ. उजवीकडे नाही आणि डावीकडे बोटभर खळगा लागला, तर फिजिओला आणि डॉक्टरला मुद्दाम दाखव.

दुसरी गोष्ट वजनाची. अमेरिकेत काम करणाऱ्यांच्या सुरक्षेचा अभ्यास करणारी नायॉश नावाची सरकारी संस्था आहे. तिथल्या एका संशोधकाने २००७ साली हिशोब मांडला, की रुग्णाला हातांनी हलवताना सगळं अनुकूल असलं तरी एका माणसावर ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलोपेक्षा जास्त भार येऊ नये. नानांचा नुसता एक पाय बाराएक किलोचा आहे. तेव्हा तू, तुझे यजमान किंवा ती बाई, कोणीही नानांना 'उचलणं' हे हिशोबातच बसत नाही. उठायचं नानांनी, आणि तुम्ही दिशा द्यायची.

आता ते उठू शकतात का, हे आधी पाहायचं. पलंगाच्या कडेला पाय सोडून बसव. कोणी न धरता स्थिर बसतात का? उजवा पाय गुडघ्यात सरळ करून समोर धरायला सांग, पाच म्हणेपर्यंत टिकतो का? आणि सांगितलेलं ऐकून तेवढंच करतात का? तिन्हीला हो असेल तर पुढचं सगळं तुझ्यासाठी आहे. एकालाही नाही असेल, तर एकटीने उभं करायचं नाही. तिथे दोन माणसं आणि घसरफळी (पलंग आणि खुर्चीमध्ये ठेवायची गुळगुळीत फळी, तिच्यावरून बसल्या बसल्या सरकवतात), किंवा झोळीचा लिफ्टर (झोळीत घेऊन उचलणारं यंत्र) लागतो, आणि ते फिजिओने घरी येऊन शिकवल्याशिवाय करू नये.

खुर्ची नेहमी चांगल्या बाजूला. नानांना पलंगाच्या उजव्या कडेने उतरव. कडेला पाय सोडून बसले की त्यांचा उजवा हात उशीकडे येतो, म्हणून खुर्चीही उशीकडच्या बाजूला, तिचं तोंड पायथ्याकडे, आणि पलंगाशी थोडी तिरकी, जेणेकरून खुर्चीचा कोपरा जवळजवळ पलंगाला टेकेल. परत येताना हेच उलटं: खुर्ची पायथ्याकडून आणायची, तोंड उशीकडे. मग उजवी बाजू पुन्हा पलंगाकडे येते. बहुतेक घरांत खुर्ची एकाच जागी ठेवतात आणि परतीचा फेरा लुळ्या बाजूने होतो. गुडघा मुडपतो तो तिथेच.

दोन्ही ब्रेक लाव आणि हाताने हलवून बघ. फूटरेस्ट काढून ठेव किंवा पूर्ण बाजूला वळव, त्यावर पाय अडकून पुष्कळ माणसं पडतात. खुर्चीचा पलंगाकडचा हात निघत असेल तर तोही काढ. नानांच्या पायात मागून पट्टा असलेली सँडल किंवा बूट. फरशीवर नुसते मोजे नकोत, सपाता नकोत. लुंगी नेसत असतील तर या वेळी पायजमा घाल, घोट्याच्या वर राहील असा.

लघवीची पिशवी सगळ्यात आधी हलवायची. पलंगाच्या दांड्यावरून काढून खुर्चीच्या खालच्या दांडीला अडकव, नळी मांडीवरून मोकळी सोड, कुठे दबली नाही ना ते पाहा, आणि मग नानांना हात लाव. पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर राहिली पाहिजे. मांडीवर किंवा पोटावर ठेवली तर लघवी उलटी फिरते आणि जंतुसंसर्ग होतो.

उठवताना एकदम उभं करू नकोस. गुडघे दुमडून उजव्या कुशीवर वळव. तुझा एक हात खांद्याच्या पाठीमागच्या हाडाखाली, दुसरा कमरेवर, आणि लुळा हात त्यांच्या पोटावर घेतलेला, मागे लोंबकळणारा नको. मग पाय कडेबाहेर सोडले की पायांचं वजनच धड वर आणायला मदत करतं. नाना उजव्या कोपराने आणि तळव्याने गादी दाबतील. बसल्यावर दोन-तीन मिनिटं थांब. घोटे वरखाली करायला लाव, गप्पा मार, चेहरा बघ. पडून राहिलेल्या माणसाचं ब्लड प्रेशर उठल्यावर घसरतं. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरला सांगायचं. घाम, जांभई, डोळ्यांपुढे अंधारी, बोलणं थांबणं, यांतलं काही दिसलं तर परत आडवं करायचं.

आता मुख्य भाग. एक प्रयोग स्वतः कर. खुर्चीत टेकून बस, पाठ ताठ ठेव आणि पुढे न वाकता उठायचा प्रयत्न कर. उठताच येणार नाही. तुम्ही बगलेतून धरता तेव्हा नानांची पाठ ताठ राहते, म्हणजे त्यांची उठायची वाटच तुम्ही बंद करता आणि सगळं वजन तुमच्या मणक्यावर येतं.

म्हणून आधी त्यांना गादीच्या कडेपर्यंत पुढे आण, एकदा उजवा कुल्ला, एकदा डावा, असं सरकवत. पावलं मागे घे, गुडघ्यांच्या किंचित आत. डावं पाऊल पूर्ण टेकलेलं हवं. तू समोर, जरा त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहा आणि तुझे गुडघे त्यांच्या डाव्या गुडघ्याला आधार म्हणून लाव. तो गुडघा पुढे मुडपला तर तुझ्या गुडघ्यावर अडेल. तुझे पाय खांद्याएवढे फाकलेले, एक पाऊल पुढे, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. नानांच्या कमरेला आधीच बांधलेल्या पट्ट्याला (तो कोणता ते खाली सांगते) दोन्ही बाजूंनी खालून धर, तळवे वर. उजवा हात नानांनी गादीवर टेकवायचा. तुझ्या मानेवर तो कधीच नाही. घाबरलेला माणूस मानेला लटकला की त्याचं वजन सरळ तुझ्या मानेच्या मणक्यांवर येतं, बाईची मान आखडली ती त्यानेच.

मग सांगायचं, "नाना, नाक पायाच्या बोटांच्या पुढे आणा." डोकं पुढे आलं की बूड आपोआप हलकं होतं. आधी ठरवून ठेवा, एक, दोन आणि तीनला उठायचं. तीनला नाना हाताने गादी रेटतील, तू पट्टा पुढे आणि वर असा आणशील. उभे राहिले की घाई नाही, एक श्वास. मग त्यांनी उजवा हात खुर्चीच्या पलीकडच्या हातावर न्यायचा आणि दोघांनी बारीक बारीक पावलं टाकत वळायचं. तुझी कंबर पिळवटायची नाही, पावलं फिरवायची. पोटऱ्यांना खुर्ची लागली की पुन्हा पुढे वाकत हळू बसायचं. खुर्चीवर आदळणं बिलकूल नको.

पट्टा म्हणजे गेट बेल्ट, साधारण दोन इंच रुंद, बकलचा. दवाबाजारात हॉस्पिटलचं सामान विकणाऱ्या दुकानांत विचार. कपड्यांवरून कमरेला बांधायचा, दोन बोटं आत जातील इतका. उभं केल्यावर तो सैल पडतो, तेव्हा पुन्हा तपासायचा. पायजम्याची नाडी किंवा घरातला ओढणीचा फेटा हा त्याला पर्याय नाही, गाठ सुटते किंवा काचते. आणि पट्टा उचलायला नसतो, धरायला असतो.

रात्री घसरण्याबद्दल. ओढायचं नाहीच. एक चादर चौपदरी करून खांद्यांपासून मांड्यांपर्यंत आडवी कायम अंथरलेली ठेव. वर सरकवताना डोक्याकडचा भाग सपाट कर, उशी काढून पलंगाच्या काठाला उभी लाव म्हणजे डोकं आपटणार नाही. दोघं दोन बाजूंना. चादरीची कड गुंडाळत अंगाजवळ आणून पक्की धरा. नानांनी उजवा पाय दुमडून टाच रोवायची, हनुवटी छातीकडे. तीनला ते टाचेने रेटतात आणि तुम्ही चादर सरकवता. घसरायचं कारणही बघ: पाठीकडून गादी उंच आणि गुडघ्याखाली काहीच नाही, असं असेल तर माणूस खाली येणारच. गुडघ्याखाली एक मऊ उशी दे.

माकडहाडाची लाली मी हलक्यात घेणार नाही. बोटाने दाबून बघ. दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर वेळेत आहेस. पांढरी पडतच नसेल तर जखमेची सुरुवात झाली, डॉक्टरला दाखव. तोवर दर दोन तासांनी कूस बदल, पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलतं ठेव, टाचा गादीवरून अधांतरी. तिथे चोळायचं नाही, मसाज तर अजिबात नाही.

ग्वाल्हेरचा, लष्कर

सिस्टरबाईंनी सगळं सांगितलंच आहे. मी घराच्या बाजूने लिहितो. आमच्या सौ.चं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आमचाही असाच खाली असलेला पलंग होता, आणि उठताना सगळ्यात जास्त त्रास पलंगाच्या उंचीचाच व्हायचा.

तिला कडेला बसवून मी तळपायापासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत माप घेतलं, चपलेसकट. दबलेल्या गादीची उंची त्या मापापेक्षा दोनएक इंच वर यावी, म्हणजे बूड गुडघ्यांपेक्षा जरा उंच राहतं आणि उठणं सोपं जातं. सुताराकडून सागवानाचे चार ठोकळे करून घेतले, प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पायाच्या आकाराचा खड्डा कोरून, म्हणजे पलंगाचा पाय त्यात बसतो आणि सरकत नाही. नुसत्या विटा ठेवू नका, ढकललं की पलंग उतरतो. खुर्चीच्या बैठकीची उंचीही साधारण तेवढीच हवी.

बाथरूमचं दार आमचं २४ इंच आणि व्हीलचेअर चाकांसकट २५च्या वर. दार फोडायचा विचार होता, पण शेवटी चाकांची कमोड खुर्ची घेतली, ती बरीच अरुंद येते. खालचं भांडं काढून ती सरळ कमोडवर सरकवायची. घेण्याआधी कमोडची उंची आणि खुर्चीखालची मोकळी जागा मोजून न्या. उंबरठ्याला सिमेंटचा उतार केला: एक इंचाला बारा इंच लांबी या हिशोबाने. टॉवेलच्या दांडीला धरून कोणी उठणार असेल तर ती काढूनच टाका, ती भिंतीतून निघते. आधाराची दांडी भिंतीत खोलवर बोल्टने बसवलेली हवी, तुमच्याकडे नानांच्या उजव्या हाताला.

आणि दाराचं बिजागर फिरवून दार बाहेर उघडेल असं केलं. माणूस आत दाराशी पडला तर आत उघडणारं दार ढकलताच येत नाही. हे एक काम तुम्ही या आठवड्यातच करून घ्या ताई.

फिजिओ, दांडिया बाजार, वडोदरा

निवृत्त सिस्टरांच्या उत्तरात मी फार थोडी भर घालतो. पट्टा सगळ्यांना चालत नाही. पोटावर नुकतंच ऑपरेशन, पोटातून घातलेली जेवणाची नळी, शौचाची पिशवी, बरगडी मोडलेली, असं काही असेल तर आधी विचारा. नानांना फक्त लघवीची नळी आहे असं समजतो, तिला पट्ट्याची अडचण नाही.

डावी बाजू जाते तेव्हा इजा मेंदूच्या उजव्या भागात असते, आणि अशा बऱ्याच रुग्णांचं डावीकडे लक्षच जात नाही. डावा हात चाकात अडकला तरी कळत नाही, डाव्या बाजूचं जेवण ताटात तसंच राहतं. नानांचं असं होतं का बघा. होत असेल तर उठायच्या आधी दर वेळी "डावं पाऊल कुठे आहे?" असं विचारून त्यांना बघायला लावा. काही रुग्ण चांगल्या हातापायाने स्वतःलाच लुळ्या बाजूकडे ढकलतात आणि आपण सरळ करायला गेलो की अजून जोराने ढकलतात. तसं दिसलं तर मात्र एकट्याने उभं करू नका, तुमच्या फिजिओला कळवा.

खुर्चीत बसल्यावर लुळा हात लोंबकळू देऊ नका. मांडीवर उशी आणि तिच्यावर कोपरापासून बोटांपर्यंत पूर्ण हात. सदरा घालताना आधी लुळा हात, काढताना सगळ्यात शेवटी. खांद्याचं निम्मं दुखणं एवढ्याने टळतं. डोक्यावरची कप्पी ओढायचा व्यायाम कोणी सुचवला तर या खांद्याला तो नको.

लोकमान्यनगरची सून, इंदूर

सगळ्यांचे खूप आभार. पट्टा आणला. काल यजमान घरी होते तेव्हा आधी त्यांनाच पलंगावर बसवून, डावा पाय ढिला सोडायला सांगून सगळं करून पाहिलं, मग नानांना घेतलं. खुर्ची उशीकडे ठेवली. आम्ही आकडे म्हणत होतो तर नाना म्हणाले, मी म्हणतो. आता एक-दोन-तीन तेच म्हणतात आणि खरंच स्वतः जोर लावतात. मानेला धरायला हात येतो अजून, पण "नाना, गादी" म्हटलं की खाली नेतात. लाली दाबल्यावर पांढरी पडते.

डावीकडे लक्ष नसतं हे अगदी खरं निघालं. ताटातली डावीकडची चटणी-कोशिंबीर रोज तशीच राहायची. आम्हाला वाटायचं आवडत नाही.

दोन प्रश्न राहिले. पुढच्या आठवड्यात तपासणीला न्यायचं आहे, आमची छोटी गाडी आहे, तिच्यात कसं बसवायचं? आणि मधेच गुडघा गेला आणि पडायला लागले तर मी काय करायचं? याची मला फार भीती वाटते.

निवृत्त सिस्टर, रामबाग

नाना स्वतः आकडे म्हणतात हे फार छान झालं. ते त्यांच्याकडेच राहू दे.

गाडीत पुढची डावीकडची सीट. ती मागपर्यंत सरकव, पाठ थोडी कलती कर. व्हीलचेअर मागच्या दाराजवळ, तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला, म्हणजे नानांची उजवी बाजू सीटकडे येते. गाडी फुटपाथला चिकटवून लावू नका, सीटची उंची बदलते. उभं करून वळवायचं, पाठ गाडीकडे, आधी बूड सीटवर, मग डोकं वाकवून आत, तुझा हात दाराच्या चौकटीला म्हणजे डोकं लागणार नाही, आणि शेवटी दोन्ही पाय एकत्र आत. उजव्या हाताने डॅशबोर्ड धरायचा, दार नाही, दार हलतं. सीटवर मोठी प्लास्टिकची पिशवी अंथरलीस तर वळताना बूड सहज फिरतं. बसले की ती काढून घे, नाहीतर ब्रेक लागल्यावर घसरतील. मग सीटबेल्ट.

उतरताना नानांच्या उजव्या हाताला उघडं दार येतं, खुर्ची तिथे मावत नाही. म्हणून तिथे दोन माणसं पाहिजेतच. एकाने पट्टा धरून उभं करायचं, चार पावलं टाकत दारापासून लांब आणायचं, दुसऱ्याने मागून खुर्ची पोटऱ्यांना लावून ब्रेक दाबायचा. दवाखान्याच्या दाराशी गर्दीत हॉर्न वाजतील, वाजू देत. घाई करणाऱ्या रखवालदाराला "थांबा, हात धरू नका" एवढं आधीच सांग.

आता पडण्याचं. गुडघा गेला तर त्यांना उभं धरून ठेवायचा हट्ट करायचा नाही. त्याने तुझी पाठ जाते आणि पडतात ते पडतातच. खुर्ची किंवा पलंग मागे असेल तर तिथे बसव. नसेल तर पट्ट्याने अंगाजवळ ओढ, एक पाय पुढे घे आणि तुझ्या मांडीवरून हळूहळू जमिनीवर उतरव. डोकं तेवढं सांभाळ. जमिनीवर आले म्हणजे संपलं, आता घाई कसलीच नाही. उशी दे, पांघरूण घाल, शेजारी बस. लगेच ओढून उठवायचं नाही.

मग बघ. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो का, मांडीच्या सांध्यात हात लावू देत नाहीत का, मान दुखते का, बोलणं आधीपेक्षा बिघडलं का. यांतलं काहीही असेल तर हलवायचं नाही, १०८ ला फोन. खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाला शेजाऱ्यांनी उचलून पलंगावर टाकलेलं मी वॉर्डात फार पाहिलं आहे, हाडाचे तुकडे त्याने आणखी सरकतात. आणि डोकं आपटलं असेल तर नाना ठणठणीत बोलत असले तरी दवाखान्यात न्यायचं. लकव्यानंतर बहुतेकदा रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या असतात, आत रक्तस्राव हळूहळू होत राहतो आणि कित्येक तासांनी कळतो. गोळ्यांचा कागद पट्ट्याबरोबरच एका पिशवीत ठेव, बाईलाही जागा दाखवून ठेव.

काही लागलं नसेल तर जमिनीवरून उठवायची पद्धत वेगळी आहे, दोन खुर्च्या लागतात आणि उजव्या गुडघ्यावर यावं लागतं. ती लिहून समजणार नाही. तुमचे फिजिओ पुढच्या वेळी आले की तेवढंच शिकवायला सांग, आणि त्यांना बाई घरात असताना, दुपारी बोलाव. दुपारी नानांजवळ तीच एकटी असते.

लोकमान्यनगरची सून, इंदूर

फिजिओंना गुरुवारी दुपारची वेळ मागितली आहे. दिवाणाचं माप घेतलं, गादी दबून १५ इंच येते आणि नानांचं गुडघ्याच्या घडीपर्यंतचं माप चपलेसकट १७. म्हणजे चार इंचांचे ठोकळे बरोबर ना, ग्वाल्हेरचे काका?

ग्वाल्हेरचा, लष्कर

बरोबर, पण चार इंच म्हणजे खड्ड्याच्या तळापासून. सुतार वरच्या कडेपासून मोजतो. खड्डा इंचभर खोल असेल तर ठोकळा पाच इंचांचा सांगा. ठोकळे लावल्यावर व्हीलचेअर शेजारी लावून बघा, तिची बैठक फार खाली गेली तर परत येताना चढण पडते. तसं झालं तर खुर्चीत दोन इंचांची घट्ट फोमची गादी टाका, मऊ नको.